आधी तुमचं ताट वाढून घ्या: पहिलटकरणींसाठी खाण्याचं आणि चालण्याचं मार्गदर्शन

वर्गात नवीन बाई आली की वजन आणि हिमोग्लोबिन विचारण्याआधी मी एक प्रश्न विचारते, "काल रात्री तुम्ही कितव्या पंगतीला जेवलात?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. आधी सासरे आणि दीर, मग मुलं, मग हे कामावरून आले, त्यांना गरम पोळ्या करून वाढल्या, आणि शेवटी सासूबाई आणि मी. किती वाजता? साडेदहा वाजले असतील. ताटात काय होतं? भात, वरून आमटी. भाजी संपली होती.

घरातलं कुणी वाईट नसतं. "दोन जिवांची आहेस, नीट खात जा" असं तिला सगळेच सांगतात. पण नीट खायचं तर भाजी शिल्लक असायला हवी आणि वेळही बरी हवी, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. नाशिकमध्ये गेली बारा वर्षं मी गरोदर आणि बाळंतिणींचा व्यायाम-आहाराचा वर्ग घेते. महागडी पावडर आणली नाही म्हणून कुणाचं अडलेलं मी फारसं पाहिलं नाही. उशिरा आणि उरलेलं जेवल्यामुळे मात्र पुष्कळ जणींचं बिघडतं. म्हणून पुढचं सगळं वाचण्याआधी आजपासून एवढं करा: स्वयंपाक झाला की पहिली भाकरी, पहिली वाटी उसळ आणि भाजी तुमच्या ताटात वाढून घ्या. लगेच जेवणं होत नसेल तर ताट झाकून ठेवा, पण तुमचा वाटा आधी बाजूला निघाला पाहिजे. सासूबाईंना हे सांगायला जड वाटत असेल तर पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा.

पायरी १: नाव नोंदवा आणि एक प्रश्न विचारा

पाळी चुकली, दिवस गेल्याचं कळलं की बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा. दवाखाना खाजगी असला तरी आशाताईंना किंवा अंगणवाडीत कळवून माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर हे सगळं त्याच कार्डावर चढत जातं. माहेरी बाळंतपणाला जाताना ते सोबत न्यायचं, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना पहिल्यापासूनची माहिती मिळते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणी असते. त्या दिवशी गर्दी असते, म्हणून डबा आणि पाण्याची बाटली घेऊनच जा. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. अर्ज अंगणवाडीताई भरून देतात.

पहिल्याच भेटीत डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "मला चालायला, व्यायामाला काही हरकत आहे का?" वार (प्लॅसेंटा) खाली असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, रक्तस्राव होत असेल, पाणी जात असेल, रक्तदाब चढलेला असेल, हिमोग्लोबिन फारच खाली असेल किंवा आधी कधी दिवस भरण्याआधी कळा आल्या असतील, तर खाली लिहिलेला व्यायाम तुमच्यासाठी नाही. जुळं असेल तरी आधी विचारा. बाकी निरोगी बाईला चालण्याने गर्भपात होत नाही, बाळ खाली सरकत नाही. हात वर केले की नाळ बाळाच्या गळ्याभोवती गुंडाळते असं घरोघरी सांगतात, तेही खरं नाही. वाळत घातलेले कपडे खुशाल काढा.

पायरी २: पहिले तीन महिने, जे पोटात राहील ते

या दिवसांत वजन वाढलं नाही, उलट किलोभर उतरलं, तरी घाबरू नका. बाळ अजून एवढंसं असतं, त्याला जादा जेवणाची गरज नसते. त्याला हवं असतं फॉलिक ॲसिड, रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाळाचा मेंदू आणि मणका पहिल्या काही आठवड्यांतच घडतो, म्हणून ही गोळी मूल हवं असं ठरवलं तेव्हापासूनच सुरू केलेली बरी. ज्यांनी केली नसेल त्यांनी आज करा.

उलट्या होत असतील तर सकाळी उठण्याआधी अंथरुणातच दोन कोरडे टोस्ट, खाकरा किंवा मूठभर चुरमुरे खा आणि दहा मिनिटांनी उठा. पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते, म्हणून दर दोन तासांनी थोडं थोडं खा. फोडणीचा वास सहन होत नसेल तर दही-भात, भाजलेले शेंगदाणे, थंड ताक, आल्याचा तुकडा घालून लिंबू-पाणी असं चालवा. पाणी जेवणाबरोबर गटागट न पिता मधल्या वेळात घोट घोट प्या. पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ते अंगावर काढू नका.

डोहाळ्यांतले चिंच-आवळा ठीक आहेत. पण माती, खडू, पाटीची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर लाजून लपवू नका. पुष्कळदा ती लोह कमी असल्याची खूण असते. डॉक्टरांना सांगा.

पायरी ३: चौथ्या महिन्यापासूनचं ताट

"आता दोघांचं खायचं" हे वाक्य मला फार खटकतं, कारण त्याचा अर्थ दुप्पट भात असा घेतला जातो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणाहून एक भाकरी आणि वाटीभर दाट उसळ एवढंच. प्रथिनांची गरज मात्र चांगलीच वाढते. दुसऱ्या तिमाहीत रोज जवळपास १० ग्रॅम आणि तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅम जादा लागतात. भात वाढवून ते भागत नाही.

आता २२ ग्रॅम कुठून आणायचे? एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढेच, मूठभर शेंगदाण्यांत ७, वाटीभर दाट वरणात किंवा उसळीत ६-७. तेव्हा सकाळी अंडं, चार वाजता शेंगदाणे, जेवणात एक वाटी उसळ जास्त आणि रात्री दूध एवढं केलं की झालं. अंडं चालत नसेल तर पनीर, दही किंवा सोयाबीन घ्या. शुद्ध शाकाहारी बाईने बी-१२ ची तपासणी एकदा करून घ्यावी. ते भाज्यांतून मिळत नाही.

आपला जिल्हा खाण्यापिण्याच्या बाबतीत नशीबवान आहे. सिन्नर-येवल्याकडची बाजरी, त्र्यंबक-पेठ-इगतपुरीकडची नागली म्हणजे नाचणी, कुळीथ, मटकी, शेवगा, मेथी, अंबाडी, चाकवत हे सगळं गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात एका फेरीत मिळतं. बाजरीत लोह बरं असतं. नागलीत कॅल्शियम इतकं असतं की १०० ग्रॅम पिठातून साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. आठवड्यातून तीन दिवस तरी पोळीऐवजी नागलीची भाकरी करा. भाकरी थापायला जमत नसेल तर नागलीचं सत्त्व करून ठेवा. नागली रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून दीड-दोन दिवसांत मोड आले की सावलीत खडखडीत वाळवायची, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजायची आणि दळून आणायची. दोन चमचे पीठ गार पाण्यात आधी कालवून मग दुधात शिजवा, गुठळ्या होत नाहीत. बाजारच्या "गर्भवतींसाठी" पावडरच्या डब्यात साखर किती आहे ते मागे छापलेलं असतं, ते वाचा आणि मग ठरवा.

लोहासाठी डाळिंब आणि बीट खा असं ज्याला त्याला सांगतात. सटाण्याचं डाळिंब जरूर खा, फळ उत्तम आहे. पण त्यात लोह अगदी थोडं असतं. बीट, खजूर, गूळ यांनीही उतरलेलं हिमोग्लोबिन भरून निघत नाही. त्यासाठी गोळीच लागते. जेवण त्या गोळीला साथ देतं: हिरव्या भाजीवर लिंबू पिळलं, ताटात आवळा किंवा टोमॅटोची कोशिंबीर असली की जेवणातलं लोह अंगी लागतं.

द्राक्षांच्या दिवसांत, म्हणजे जानेवारी ते एप्रिल, आपल्या घराघरात पाटी येऊन पडते. फवारणीमुळे बायका घाबरतात. घड सुटे करून नळाच्या वाहत्या पाण्याखाली चोळून चोळून धुवा आणि एका वेळी मूठभरच खा. गरोदरपणातली साखर निघाली असेल तर द्राक्षं, आंबा, चिकू किती खायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवा. साखरेची तपासणी पहिल्या भेटीत होते आणि २४ ते २८ आठवड्यांच्या मध्ये पुन्हा होते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त घेतात, साखर १४० किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. पहिली तपासणी चांगली आली म्हणून दुसरी टाळू नका.

मिसळीचं विचारल्याशिवाय वर्ग संपत नाही, हे नाशिक आहे. मटकीची उसळ उत्तमच. तर्री कमी घ्या, फरसाण मुठीपेक्षा जास्त नको, सोबत दही घ्या आणि ताजी, वाफाळती असेल तिथेच खा. सातव्या महिन्यानंतर छातीत जळजळ होत असेल तर मग घरीच कमी तिखटाची करून खाल्लेली बरी. मोड आलेली मटकी कच्ची मात्र नको. मोडांत जंतू लवकर वाढतात, तेव्हा शिजवूनच खा.

वजन साधारण असलेल्या बाईचं नऊ महिन्यांत १० ते १२ किलो वाढलं की ठीक मानतात. आधीच वजन जास्त असेल तर वाढ कमी हवी, फार कमी असेल तर जास्त. तुमचा आकडा कार्डावर लिहून घ्या. आणि आठवड्याभरात एकदम दोन-अडीच किलो वाढून तोंड आणि हात सुजले, तर ते खाल्ल्यामुळे झालं असं समजू नका. आधी रक्तदाब तपासा.

पायरी ४: लाल गोळी आणि चहा

सातपूरहून एक मुलगी वर्गाला यायची. सहावा महिना, हिमोग्लोबिन ९.१. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. ती म्हणाली, "मॅडम, एक गोळी चुकवली नाही हो." खरं होतं, रिकाम्या पट्ट्या तिने पर्समध्ये ठेवल्या होत्या, मला दाखवल्या. मग मी विचारलं, गोळी कधी घेतेस? "सकाळी सातला, चहाबरोबर. तीच एक वेळ लक्षात राहते. आणि कॅल्शियमची पण तेव्हाच, एकदाच काम होऊन जातं."

सहा आठवडे ती गोळ्या घेत होती आणि त्यातलं फारसं काही अंगी लागत नव्हतं. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि कॅल्शियमही त्याच्या आड येतं. तिची गोळी आम्ही रात्री झोपताना, जेवणानंतर दोन तासांनी, लिंबू-पाण्याबरोबर लावली. कॅल्शियमच्या दोन गोळ्या सकाळच्या न्याहारीबरोबर आणि दुपारच्या जेवणाबरोबर. चहा जेवणाच्या तास-दीड तास अलीकडे-पलीकडे. महिनाभराने तपासणी झाली तेव्हा १०.२ आलं होतं. ती धावतच कार्ड दाखवायला आली, आणि मला तिला आधी "धावू नकोस" म्हणावं लागलं.

सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस घ्यायची, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. दुसरा भाग सगळ्याच विसरतात. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमची एकेक गोळी दिवसातून दोनदा घ्यायची, तीही बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत. दुसऱ्या तिमाहीत जंताची एक गोळी देतात, ती घ्या. लोहाने शौच काळी होते, त्याला घाबरू नका. बद्धकोष्ठ झालं तर गोळी बंद न करता पाणी, पालेभाजी आणि चालणं वाढवा. नीट गोळी घेऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल तर सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची तपासणी झाली आहे का, हे विचारा. आपल्या आदिवासी भागात सिकलसेल आढळतो.

पायरी ५: काय टाळायचं

दारू नाही, थोडीशीसुद्धा नाही. नाशिकची वाइन प्रसिद्ध आहे, आणि "द्राक्षाचीच तर आहे" असं समारंभात कुणी म्हणालं तरी नाही. तंबाखू नाही, आणि मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. दातांना लावली तरी ती रक्तात जाते आणि बाळ कमी वजनाचं होतं. सवय जुनी असेल तर एकटीने झुंजू नका, डॉक्टरांना सांगा, ओरडले तरी सांगा. चहा-कॉफी मिळून दिवसाला दोन कपांवर ठेवा. दूध उकळून, अंडं पूर्ण शिजवून खा. कच्ची किंवा अर्धकच्ची पपई नको. पूर्ण पिकलेल्या पपईची भीती नाही, पण घरात वाद होत असेल तर पेरू खा, व्हिटॅमिन सी त्यात भरपूर. कलेजी या दिवसांत नको, तिच्यात व्हिटॅमिन ए फार असतं. मासे खात असाल तर बांगडा, तारली, रोहू, कटला घ्या, मुशीसारखे मोठे मासे टाळा. पाणीपुरी घरची.

उपवासांचं माझं मत ठाम आहे. निर्जळी उपवास या काळात करू नका, हरितालिकाही नाही. ग्रहणात उपाशी बसू नका. साधा उपवास मोडवत नसेल तर साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, दूध, ताक, फळं असं दर दोन-तीन तासांनी खा. मधुमेह किंवा रक्तक्षय असेल तर तोही नाही. गडावर जायचा नवस बाळंतपणानंतर फेडता येतो.

पायरी ६: चालणं आणि व्यायाम

आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम असं जागतिक आरोग्य संघटना गरोदर बाईलाही सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. आजवर काहीच केलं नसेल तर दहा मिनिटांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. वेग किती? चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा.

नाशिकमध्ये चालायला जागा आहेत: कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, गोल्फ क्लबचं मैदान, गोदापार्क. सपाट जागा निवडा. पांडवलेणीच्या पायऱ्या आता नकोत, चढताना दम लागतो आणि उतरताना तोल जातो. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत घरी या. पावसाळ्यात घाटावर शेवाळ धरतं, तेव्हा गच्चीवरच्या पत्र्याखाली किंवा घरातल्या घरात चाला. चपला नाही, मागून बंद असलेले बूट हवेत. निघण्याआधी केळं किंवा दोन खजूर खा, उपाशी पोटी चालायचं नाही.

चालून आल्यावर दहा मिनिटं घरात हे करा. भिंतीला पाठ टेकवून पाय खांद्याइतके रुंद ठेवा आणि खुर्चीत बसल्यासारखं अर्धं खाली या, मग वर जा, दहा वेळा. मग हात-गुडघ्यांवर येऊन पाठीची मांजरासारखी कमान आणि सरळ रेघ, आठ-दहा वेळा, कंबरदुखीला याच्यासारखं दुसरं काही नाही. मग भिंतीला टेकून बसा, तळवे एकमेकांना लावा आणि गुडघे फुलपाखरासारखे हलके हलवा. शेवटी अनुलोम-विलोम, श्वास न रोखता. कपालभाती, श्वास कोंडून धरणं, पोटावर झोपून करायची आसनं आणि उड्या बंद. पाचव्या महिन्यानंतर उताणं पडून करायचे व्यायामही बंद, कारण गर्भपिशवीचं वजन मोठ्या रक्तवाहिनीवर पडतं आणि गरगरतं. २८ आठवड्यांनंतर झोपतानाही कुशीवर झोपा.

एक व्यायाम असा आहे की तो करताना समोरच्याला कळतही नाही. लघवी आणि वायू दोन्ही एकदम रोखायचे आहेत असं समजून खालचे स्नायू आत आणि वर ओढून घ्या. पोट, मांड्या, नितंब सैलच राहू द्या. पाच आकडे मोजेपर्यंत धरा, सावकाश सोडा, दहा वेळा. दिवसातून तीनदा. मी तो कुकरच्या शिट्ट्यांना बांधून दिला आहे. कुकर लावला की ओट्याशी उभ्या उभ्या एक फेरी. लघवी करता करता मात्र हा व्यायाम करायचा नाही. ज्या बायका नऊ महिने नेमाने करतात, त्यांना पुढे खोकताना-शिंकताना लघवी सुटण्याचा त्रास कमी होतो. हा त्रास आपल्याकडे आईने भोगलेला असतो, आजीने भोगलेला असतो, आणि कुणीच कुणाला सांगत नाही.

चालताना किंवा व्यायाम करताना रक्त दिसलं, पाणी गेलं, पोट थांबून थांबून घट्ट होऊ लागलं, छातीत दुखलं, चक्कर आली, एका पोटरीला सूज येऊन दुखू लागली, तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. डोकं सतत दुखणं, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, बाळाची हालचाल कमी वाटणं, यांत "उद्या बघू" चालत नाही. १०२ किंवा १०८ ला फोन करा.

बागेत आणि कंपनीत काम करणाऱ्यांसाठी

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत सकाळी आठपासून हात वर करून घड विरळायला उभ्या असणाऱ्या बाईला मी "रोज अर्धा तास चाला" म्हणणार नाही. तिला विश्रांतीची गरज आहे. दर दोन तासांनी दहा मिनिटं बसा, पाय क्रेटवर वर ठेवा. फवारणी चालू असेल त्या प्लॉटजवळ थांबू नका, नुकत्याच फवारलेल्या ओळीत जाऊ नका आणि घड औषधात बुडवायचं डिपिंगचं काम या दिवसांत घेऊ नका. मुकादमाला हे सांगायला नवऱ्याला पुढे करा. घरी आल्यावर आधी हातपाय-तोंड धुवा, कामाचे कपडे वेगळे धुवा, मग जेवा. कांद्याच्या चाळीत उकिडवं बसून निवडण्यापेक्षा पाटावर किंवा उलट्या पाटीवर बसा. अंबड-सातपूरला शिफ्टमध्ये उभं काम असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणून बैठं काम मागा.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर अशा आदिवासी तालुक्यांत अमृत आहार योजनेखाली अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम, पूर्ण जेवण मिळतं. ते तिथेच बसून जेवा. घरी आणलं की सगळ्यांत वाटलं जातं, मी पाहिलं आहे.

पायरी ७: बाळंतपणानंतरचे सहा आठवडे

बाळंतिणीच्या खोलीतल्या जुन्या रीतींत चांगलंही पुष्कळ आहे. विश्रांती, मालीश, गरम ताजं अन्न, डिंकाचे-अळिवाचे लाडू, खारीक, बाळंतशेपा, हे सगळं राहू द्या. अळीव आपल्याकडे बाळंतपणानंतरच देतात, ती रीतही पाळा. लाडू दिवसाला एक, फार तर दोन. तूप-साखर भरपूर असते त्यात, आणि लाडूने जेवणाची जागा घ्यायला नको.

दोन रीती मात्र सोडा. पहिली, पाणी तोडणं. "पाणी प्यायलीस तर पोट सुटेल" म्हणून बाळंतिणीला तहानलेली ठेवतात, त्याने बद्धकोष्ठ होतं, लघवीचा संसर्ग होतो आणि थकवा येतो. दुसरी, बंद खोलीत बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. कोळशाचा वायू वासावरून कळत नाही, आणि दारं-खिडक्या बंद असतील तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्या. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतली थंडी कडक असते हे खरं, पण खोली उबदार ठेवायला स्वेटर, टोपी, दुलई पुरते.

सुखरूप नेहमीचं बाळंतपण असेल तर दुसऱ्या दिवसापासून खोलीतल्या खोलीत चाला आणि खालच्या स्नायूंचा व्यायाम जमेल तसा सुरू करा. सिझेरियन असेल तरी डॉक्टर सांगतील तेव्हा उठून हिंडाच, पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका त्याने कमी होतो. पण सहा-आठ आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका, पाण्याचा हंडासुद्धा नाही. पोट आत जावं म्हणून उठा-बशा आणि पोटाचे जोरदार व्यायाम सहा आठवड्यांच्या तपासणीआधी नकोत. पट्टा बांधल्याने आधार वाटतो, चरबी जात नाही.

ताप, दुर्गंधी, तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव असेल तर लगेच दवाखान्यात जा. आणि दोन आठवड्यांनंतरही रडू थांबत नसेल, बाळाकडे बघवत नसेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर तेही दुखणंच आहे. नजर लागली म्हणून उतरवत बसू नका. डॉक्टरांशी बोला, किंवा १४४१६ वर टेली-मानसला फोन करा, मराठीत बोलता येतं.

पायरी ८: अंगावर पाजताना

जन्मानंतर तासाभराच्या आत बाळाला छातीशी घ्या. पहिला पिवळसर घट्ट चीक पिळून टाकायचा नाही, बाळाची पहिली लस तीच. मध नाही, गुटी नाही, सहा महिने पाणीही नाही, एप्रिल-मेच्या उन्हातसुद्धा नाही. आईच्या दुधात पाणी पुरेसं असतं.

गरोदरपणापेक्षा या दिवसांत भूक जास्त लागते, आणि ती खरी भूक आहे. पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, पुढच्या सहा महिन्यांत ५२०. म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ, पेलाभर दूध आणि एक लाडू, हे सगळं नेहमीच्या जेवणाच्या वर. आपल्याकडे मात्र बाळ झालं की सगळ्यांचं लक्ष पाळण्याकडे जातं आणि आईचं ताट पुन्हा शेवटी जातं.

दूध कमी आहे असं वाटलं की शतावरी, मेथी, नाना पावडरी सुरू होतात. दूध वाढतं ते मुख्यतः बाळाने वारंवार आणि नीट पकडून प्यायल्याने, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा. बाळाने दिवसाला सहाहून जास्त वेळा लंगोट ओला केला आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतं आहे. पाजताना दुखत असेल तर बाळाची पकड चुकते आहे, ती दाखवून घ्या.

पथ्याच्या नावाखाली बाळंतिणीला महिनोन्‌महिने खिचडी आणि लसणाची चटणी खायला घालतात. कोबी, वाटाणा, हरभऱ्याची डाळ खाल्ली म्हणून दुधातून बाळाला वायू होत नाही, तुमच्या आतड्यातला वायू दुधात उतरत नाही. सगळ्या भाज्या खा. एखादा पदार्थ खाल्ला की दर वेळी बाळाला रक्तमिश्रित शी किंवा अंगावर पुरळ येत असेल तरच तो थांबवा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दारू आणि मशेरी आताही नाही. कुठलंही औषध घेताना "मी अंगावर पाजते" हे आधी सांगा.

व्यायामाने दूध आटत नाही, आंबट होत नाही. पाजून झाल्यावर, छाती हलकी असताना, आधार देणारी ब्रा घालून चालायला जा. वजन सावकाश, आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ. पहिल्या सहा महिन्यांत "डाएट" नको.

एक शेवटचं, आणि हे काम बाळाच्या बाबांचं. बाळ रात्री तीनदा उठतं. छातीशी घेतलं की दोन मिनिटांत आईच्या घशाला कोरड पडते, आणि पाजून होईपर्यंत तिला जागचं हलता येत नाही. दिवे बंद करण्याआधी उशाशी तिच्या हाताला लागेल असा झाकणाचा तांब्या भरून ठेवा, आणि सैल झाकणाच्या डब्यात एक लाडू, मूठभर भाजलेले शेंगदाणे, एक केळं. डबा एका हाताने उघडता आला पाहिजे, दुसऱ्या हातात बाळ असतं. सकाळी तो रिकामा झालाय का ते बघा, आणि संध्याकाळी पुन्हा भरा.